मदत हवी आहे: पोटरीत पाणी तुटलं आणि स्वर्णा पोचट गेला, पुढच्या खरिपाला कोणता धान लावू?

धुऱ्यावरून

नमस्कार मंडळी. नागभीड तालुक्यात आमची साडेतीन एकर धानाची शेती आहे. उतारावर एकाखाली एक पाच बांध्या, म्हणजे धानाची खाचरं. सर्वांत वरच्या बांधीत एमटीयू १०१०, खालच्या चारांत स्वर्णा. दोन्हींचे पऱ्हे (रोवणीची रोपं) १८ जूनला टाकले होते, रोवणीही एकाच आठवड्यात झाली.

२० सप्टेंबरनंतर पाऊस गेला तो गेलाच. तलावाचं पाणी आमच्या टोकापर्यंत आलं नाही. तोवर १०१० पूर्ण निसवला होता, म्हणजे लोंब्या बाहेर आल्या होत्या, त्याला एकरी १४ क्विंटल उतारा पडला. स्वर्णा नेमका पोटरीत होता, लोंबी अजून खोडाच्या आतच. आधी दुपारी पानं सुरळी व्हायची आणि संध्याकाळी उलगडायची. चार-पाच दिवसांनी सकाळी सातलाही सुरळीच. मग लोंब्या अर्ध्याच बाहेर आल्या, अर्ध्या पोटरीतच अडकल्या. दाणा दाबला की नुसतं टरफल. बोडीजवळची (शेततळ्याजवळची) शेवटची बांधी बरी आली, मधल्या तीन बांध्यांत एकरी ५ क्विंटलही नाही. एरवी तिथे १८ होतात.

प्रश्न दोन आहेत.

१) १०१० वाचला म्हणजे तो दुष्काळ सहन करणारा आहे का? सगळीकडे तोच लावू, की सहभागी धान वगैरे खास जाती आणू?

२) मधल्या बांध्यांत सुकलेल्या धानात नऊ चुडांच्या (रोपांच्या झुबक्यांच्या) लोंब्या चांगल्या भरल्या आहेत. त्यांना दोरे बांधून ठेवलेत. आमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी पटेल-३ या धानातल्या वेगळ्या लोंब्या निवडून एचएमटी हा वाण उभा केला, हे लहानपणापासून ऐकत आलोय. या नऊ चुडांचं बी ठेवण्यात अर्थ आहे का? वडील म्हणतात ठेव.

साकोलीकर

भाऊ, वाचून वाईट वाटलं. आधी एक खात्री करा. पांढरी लोंबी हाताने ओढल्यावर अलगद उपटून आली आणि बुडाशी कुरतडलेली दिसली, तर तो खोडकिडा. घट्ट राहिली तर पाण्याचा ताण.

धुऱ्यावरून

ओढून पाहिल्या दादा, घट्ट आहेत. दहा-पंधरांत एखादीच निघाली.

बियाणं आणि माती

मग ताणच. आता १०१०चं. तो वाचला तो लवकर निसवला म्हणून. साधारण १२० दिवसांचा धान, पाणी तुटायच्या आत त्याचा फुलोरा झाला होता. स्वर्णा १४० ते १५० दिवसांचा, त्यामुळे तो बरोबर सापडला. हाच खंड ऑगस्टच्या शेवटी पडला असता तर १०१० पोटरीत सापडला असता आणि तुम्ही आज उलटा प्रश्न विचारला असता. दुष्काळातून निसटणं वेगळं, सोसणं वेगळं.

फुटव्याच्या वेळचा खंड धान पुष्कळसा भरून काढतो, नवे फुटवे येतात. पोटरी ते फुलोरा या काळात मात्र परागकण तयार होत असतात. तेव्हा पाणी तुटलं की पराग वांझ होतात, परागकोश उघडत नाहीत, लोंबीचा दांडा लांबत नाही. नंतर कितीही पाणी दिलं तरी तो दाणा परत येत नाही. म्हणून बोडीत एकाच पाळीचं पाणी असेल तर ते पोटरीसाठी राखून ठेवा. ऑगस्टमध्ये जमिनीला बारीक भेगा दिसल्या की आपला जीव खालीवर होतो, पण तिथे ते खर्चू नका.

सहभागी धान हजारीबागच्या केंद्रात झारखंडच्या कोरडवाहू वरकस जमिनींसाठी तयार झाला. १०५ ते ११० दिवसांचा आहे आणि ताण पडला तरी त्यातल्या त्यात दाणा धरतो. दुसरा डीआरआर धान ४२, हैदराबादहून २०१४ साली आलेला. तो म्हणजे आयआर ६४च, फक्त पोटरीच्या दुष्काळातही उत्पादन टिकवणारे गुणसूत्राचे दोन भाग त्यात संकराने आणले आहेत. दोन्ही वरच्या बांधीत थोडे-थोडे लावून पाहा, एकदम तीन एकर नको. भरपूर पाण्याच्या वर्षी स्वर्णाइतका उतारा हलक्या, म्हणजे कमी दिवसांच्या धानाकडून मिळणार नाही, हेही घरात आधीच बोलून ठेवा.

अजून एक. वर्षानुवर्षं चिखलणी करून वीतभर खाली घट्ट थर बसतो. मुळं खोल नेणारी जात आणली तरी त्या थरापाशी तिची मुळं अडतात. वरच्या बांधीत चिखल न करता पेरून, म्हणजे आवत्या करून पाहणार असाल तर खोल मुळांचा फायदा दिसेल. तण मात्र फार येईल, निंदणाची तयारी ठेवा.

साकोलीकर

आणि हलक्या धानाचे पऱ्हे पावसाची वाट बघत म्हातारे होऊ देऊ नका, जी. तीन आठवड्यांत रोवा. स्वर्णा जुने पऱ्हे सोसून घेतो, हलका धान नाही. सगळे एकदम न टाकता दोन टप्प्यांत टाका.

बियाणं आणि माती

चुडांचं राहिलं. धान स्वतःच्याच परागाने फळतो, म्हणून शुद्ध स्वर्णातली बहुतेक रोपं गुणाने सारखीच असतात. वेगळं दिसलं तर आधी जागेचा संशय घ्या. धुऱ्याकडे, म्हणजे बांधीच्या कडेला, ओल होती का? बाकीच्यांच्या आधी निसवले होते का? बांधीच्या मध्यात, कोरड्यातच, बाकीच्यांबरोबर फुलून भरलेले असतील तर जरूर ठेवा. प्रत्येक लोंबीचं बी वेगळ्या पुडीत, पुढच्या वर्षी प्रत्येकीची वेगळी ओळ, शेजारी साध्या स्वर्णाची एक ओळ.

धुऱ्यावरून

आज सकाळी पुन्हा जाऊन पाहिलं. नऊपैकी चार चुड धुऱ्याला लागून आहेत, तिथे खेकड्याच्या बिळातून वरच्या बांधीचं पाणी झिरपत होतं. ते सोडले. दोन आधी निसवल्याचं आईला आठवतं, निंदताना तिने पाहिलं होतं. उरलेले तीन बांधीच्या अगदी मध्यात आहेत, आजूबाजूचं सगळं पोचट. त्यांच्या अकरा लोंब्या कापून अकरा पुड्या केल्या. रोवताना एका जागी किती रोपं लावू?

बियाणं आणि माती

एकच. आणि प्रत्येक ओळ कोणत्या तारखेला निसवली ते वहीत लिहा.