मदत हवी आहे : डाळिंबाच्या फुलपाखराचा मूळ नमुना कुठे?

नाशिकच्या फुलपाखरांची यादी करतोय. अडलंय सटाणा-मालेगाव पट्ट्यातल्या डाळिंबाच्या शत्रूपाशी, म्हणजे फळ पोखरणाऱ्या अळीच्या फुलपाखरापाशी. ड्यूडोरिक्स आयसोक्रेटिस (फॅब्रिशियस, १७९३). काही ठिकाणी प्रजाती (नावातला पहिला शब्द, जीनस) विराकोला लिहितात, तो वाद सध्या बाजूला ठेवू.

हे नाव देणाऱ्या फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७९३च्या ग्रंथात बरीच नावं लंडनच्या विल्यम जोन्स या हौशी निसर्गअभ्यासकाच्या जलरंग चित्रांवरून दिली. ती चित्रं आज ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहेत. पण प्राण्यांच्या नामकरणाच्या संहितेनुसार नाव चित्राला चिकटत नाही, चित्रात दिसणाऱ्या कीटकाला चिकटतं; मूळ नमुना (टाइप) तोच. तो हरवला असला तरी! म्हणून आयसोक्रेटिसचं वर्णन चित्रावरून झालं की टाचणीवरच्या नमुन्यावरून, हे हवंय. मूळ लॅटिन मजकुराचं पान वाचलेलं कुणी आहे का?

दुसरं, चित्र असल्यास नर की मादी? नर वरून चमकदार जांभळट-निळा; मादी तपकिरी, पुढच्या पंखावर नारिंगी डाग. जुने रंग उडालेले असतात, तेव्हा नुसत्या निळ्या छटेवर जाऊ नका. पंखाखालच्या रेषा बघा.

लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातल्या नमुन्यांवर लाल कडेची गोल 'टाइप' चिठ्ठी दिसली, तर तेवढ्यावर विसंबू नये. ती पुष्कळदा संग्रहपालाने मागाहून लावलेली असते. लेक्टोटाइपची (मूळ नमुन्यांपैकी नावासाठी नंतर निवडलेल्या एकाच नमुन्याची) रीतसर निवड छापून आली असेल तर लेखाचं वर्ष आणि पान सांगा. फोटो असेल तर दोन्ही बाजू, मोजपट्टी आणि टाचणीवरची प्रत्येक चिठ्ठी दिसेल असाच पाठवा.