ऑर्केस्ट्रात बासला पाचवी तार हवीच का?

खर्जवाला, पुणे
अकरा वर्षं ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतोय. गणपती, नवरात्र, लग्नं, तालुक्याच्या गावचे गाण्यांचे कार्यक्रम. परवा एका जुन्या बासवाल्यांनी ऐकवलं की पाच तारांचा बास हा निव्वळ दिखावा, चारात जमत नाही त्याला पाचातही जमत नाही. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून धागा काढतोय.

आपले गायक सी शार्प म्हणत नाहीत, पेटीवरच्या पट्टीवरून 'काळी एक' म्हणतात. पुरुष गायकांची बरीचशी गाणी पांढरी एक ते काळी दोन याच टापूत पडतात. चार तारांच्या बासची सगळ्यात खालची मोकळी तार ई, म्हणजे पांढरी तीन. म्हणजे सी, सी शार्प, डी, डी शार्प या चारही पट्ट्यांचा खालचा सा नेमका हाताबाहेर. ढोलकीवाला तिहाई घेऊन समेवर येतो, अख्खं मैदान त्या एका ठोक्याची वाट बघत असतं, आणि मी वरच्या ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर (दांडीवरच्या पट्टीवर) अधांतरी! पाचतारीवर जादा असलेल्या खालच्या बी तारेचा दुसरा फ्रेट दाबला की तोच सा एक सप्तक खाली मिळतो. पाय जमिनीला टेकल्यासारखं वाटतं. यात दिखावा कुठे आला?

दादरचा पी-बास
दादा, मनापासून असहमत. माझ्याकडे तीन नॉब नाहीत, बॅटरी नाही, पाचवी तार नाही. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बास, म्हणजेच पी-बास, १९५१ साली बाजारात आला आणि त्याची मूळ रचना अजून चालतेय. अमेरिकन बासवादक जेम्स जेमर्सनने मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची गाणी १९६२ च्या प्रिसिजनवर, फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारांवर, उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवली. पंचमदांच्या ज्या गाण्यांवर तुमचा-माझा ऑर्केस्ट्रा पोट भरतो, त्यातलं बहुतेक बासचं काम चार तारांवरच झालंय.

आणि बी तार वाजते कशी, ते पण बोला. ३४ इंची स्केलवर (तारेच्या वाजत्या लांबीवर) १३० ची, म्हणजे ०.१३० इंच जाडीची, तार ढिली पडते. ई तारेवर नोट 'ठक्' उमटते, बीवर नुसती घरघर. वरून ती वाजवत नसताना अंगठ्याने दाबून धरायची, नाहीतर आपोआप गुणगुणत राहते. बासवाल्याचं खरं काम नोट कुठे संपवायची हे ठरवणं. खाली किती जाता येतं यावर ते ठरत नाही.

खर्जवाला, पुणे
अंगठ्याचं मान्य. मला सहा महिने लागले. पण पंचमदांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ती गाणी रेकॉर्ड झाली ती मूळ गायकाच्या पट्टीत, बासची ओळही त्याच पट्टीत बसवलेली. आपल्याकडे तेच गाणं गायक दोन पट्ट्या उतरवून मागतो, तेही स्टेजवर निवेदन चालू असताना. एफमधली सुंदर ओळ डी शार्पमध्ये आणली की तिचा पाया ई तारेच्या खाली जातो. मग पाया वर उचलायचा आणि ओळीचा आकार मोडायचा. मला तो मोडायचा नाहीये.

साउंडवाला, सातारा
माझं काम बाहेरचं, म्हणून बाहेरून सांगतो. १० वाजता स्पीकर बंद करायचे असतात, त्यामुळे बासच्या साउंडचेकला पाच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. आमच्या सबला (खर्जाच्या मोठ्या स्पीकरला) साधारण ४० हर्ट्‌झला हाय-पास (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर) लावलेला असतो, नाहीतर स्पीकरचे ड्रायव्हर उडतात. तुमचा बी तारेवरचा काळी एकचा सा ३४.६ हर्ट्‌झचा. तो मूळ सूर मैदानात पोचतच नाही. पोचतो त्याच्यावरचा, ६९.३ चा. आणि ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर ६९.३ हाच मूळ सूर असतो, एकदम भरदार. स्टेजवर तुम्हाला पायाखाली जमीन वाटते ती तुमच्या ॲम्पमुळे. विसाव्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या आजींना ढोलकीचं डावं तोंड आणि तुमची बी तार एकाच ढिगात ऐकू येतात.

खर्जवाला, पुणे
साउंडवाले दादा, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष अर्धा. मूळ सूर कापला तरी वरचे सूर ऐकून कान खालचा सूर स्वतः भरून काढतो. म्हणून तर छोट्या रेडिओवरही बास 'खाली गेलेला' कळतो.

मडगावकर
गोव्याकडची बाजू सांगतो. आमच्या लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन असतात, त्यांना बी फ्लॅट, ई फ्लॅट सोयीचे. ई फ्लॅट म्हणजे तुमची काळी दोन, माझ्या ई तारेच्या जेमतेम अर्धा सूर खाली. मी पाचतारी घेतला नाही. चारही तारा अर्धा सूर उतरवून ठेवतो. तारा मऊ होतात, रात्रभर वाजवून बोटं सोलत नाहीत. फक्त फ्रेटवरच्या ठिपक्यांकडे बघायची सवय सोडावी लागते. पण खरं सांगतो, सी आला की मीही अडकतो.

कीबोर्डवाली, कोल्हापूर
तुम्ही तारा मोजताय, इकडे आयोजक माणसं मोजतायत. "बासवाला कशाला, ताई डाव्या हाताने वाजवतील की", हे मी या सीझनला तीनदा ऐकलं. मी वाजवते, पण माझ्या डाव्या हाताला सूर सरकवता येत नाही. दोन सुरांमधली ती घसट लावणीला लागतेच. बासवाला असला की मी डावा हात उचलून घेते आणि गाणं मोकळं होतं. पाचतारीवाल्यांना एक विनंती: खाली राहा, पण सतत राहू नका.

दादरचा पी-बास
ताईंचं शेवटचं वाक्य मला शंभर टक्के मान्य.

बॅटरीवर एवढी चीड का, तेही सांगतो. एकदा मित्राचा ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवरचं सर्किट असलेला, पाचतारी घेऊन कार्यक्रमाला गेलो होतो. जेवायला उठलो तेव्हा केबल बासलाच लावलेली राहिली. ॲक्टिव्ह बासमध्ये जॅक आत असला की बॅटरी चालूच असते, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या अंतऱ्यात आवाज फाटायला लागला, मग बारीक झाला, मग गेला. ९ व्होल्टच्या एका बॅटरीसाठी मी तीन गाणी हातात मुका बास धरून उभा होतो. गायिकेने दोनदा वळून पाहिलं. ती नजर अजून आठवते.

तरीही खर्जवाले, ओळीचा आकार मोडतो हा तुमचा मुद्दा मला छळतोय. काल घरी एफमधली एक ओळ डी शार्पला आणून पाहिली. दोन ठिकाणी खरंच उडी मारावी लागली.

साउंडवाला, सातारा
असं करा. पुढच्या रविवारी साताऱ्यात माझी सिस्टीम दुपारी तीनला लागते, कार्यक्रम सातला. दोघंही आपापला बास घेऊन या. एकच डीआय (बास थेट मिक्सरला जोडायचा डबा), एकच लेव्हल, काळी एक आणि काळी दोन. मी मागे विसाव्या रांगेत जाऊन बसतो.

खर्जवाला, पुणे
येतो. नवीन बॅटरी घालून.

दादरचा पी-बास
सकाळच्या गाडीने निघतो. ढोलकीवाल्यालाही बोलवा, त्याच्याशिवाय ऐकण्यात अर्थ नाही.