शाळेचा खर्च आणि सरकारी मदत : तुमच्या हातात काय पडलं?

योजनांची माहितीपत्रकं ढिगाने मिळतात. इथे आपापल्या घरात घडलं तेवढंच लिहूया. सुरुवात मी करते.

आम्ही भटक्या जमातीतले. लेक पाचवीत गेली तेव्हा बाईंनी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीचा अर्ज भरून घेतला. महिन्याला ६० रुपये, दहा महिन्यांचे ६००. झीरो बॅलन्स सांगून उघडलेलं खातं साधंच निघालं. पासबुकात ओळीने दिसतं : ६०० जमा, ११८ वजा, पुन्हा ११८ वजा. किमान शिल्लक ठेवली नाही म्हणे! भांडून खातं बदलून घेतलं, कापलेले मात्र गेले ते गेलेच.

*

आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांतून, थोरल्याचा खासगी शाळेत नंबर लागला तेव्हा गल्लीभर पेढे वाटले होते. एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला काढायला सेतूत दोन चकरा, म्हणजे दोन दिवसांची रोजी बुडाली, पण त्याचं काही वाटलं नाही. फी माफ आठवीपर्यंतच, हेही ठाऊक होतं. पण पोरगं पहिलीत असताना नववीचा हिशोब कोण करतो? आठवीच्या निकालाबरोबर फीचा कागद आला. तो त्याने चार दिवस दप्तरातच ठेवला. शेवटी त्याच्या आईला डबा काढताना सापडला. आता तो अनुदानित शाळेत आहे. जुने मित्र संध्याकाळी क्रिकेटला भेटतात.

धाकटीच्या वेळी, २०२४ साली, निराळाच घोळ. नियम बदलले आणि अर्जात जवळच्या सरकारी, अनुदानित शाळाच दिसायला लागल्या. मे महिन्यात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, मग अर्ज पुन्हा भरायचे. शेजारची मुलं जूनमध्ये शाळेत, आमची घरात.

*

वरच्या दादांना : मुलगा अनुदानित शाळेत आठवीत असता तर एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवता आलं असतं. मी शिक्षक आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. परीक्षा आठवीत होते. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना ती नाही. एकदा मिळाली म्हणून निवांत बसू नका, नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं.

मुलं परीक्षेत कमी आणि नावात जास्त अडकतात. माझ्या एका विद्यार्थिनीचं आधारवर आडनाव आधी, शाळेत शेवटी, आणि वडिलांच्या नावापुढचा ‘राव’ एकीकडे आहे, एकीकडे नाही. त्या ‘राव’पायी सहा महिने गेले. हल्ली मी जूनमध्येच जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेशाची नोंदवही) आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून घेतो. सहकारी हसतात. हसोत.

*

मुलीची शिष्यवृत्ती आली नाही म्हणून आम्ही वर्षभर शाळेला बोल लावला. पैसे आले होते, पण भलत्याच खात्यात! गॅसच्या सबसिडीसारखं हेही आधारला जोडलेल्या खात्यात जातं. मुलीच्या आधारला मामाच्या गावी उघडलेलं खातं जोडलेलं निघालं. अर्जावरचा खाते क्रमांक नुसता शोभेला.

*

माझा अनुभव जुना आहे, नव्वदच्या दशकातला. पहिली ते चौथीच्या गरीब मुलींना उपस्थिती भत्ता असायचा, हजेरीच्या दिवसाला एक रुपया. ज्या दिवशी खाडा, त्या दिवशीचा रुपया नाही. आई मजुरीला गेली की धाकटा भाऊ माझ्याकडे. रुपया बुडू नये म्हणून मी त्याला काखेत घेऊन शाळेत जायची. बाई आधी हजेरी घ्यायच्या, मग त्याच्याकडे बघायच्या. तो रडायला लागला की मी व्हरांड्यात. भागाकार मी तिथेच, खिडकीतून फळ्याकडे बघत शिकले.