शब्दचर्चा : नकली, बनावट, तोतया आणि डब्यावरचा तो चौकोन

(कोल्हापूर परिसरातल्यांची चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याच्या भागाचं किंवा गावाचं नाव आहे.)

राजारामपुरी
औषध दुकानांत लावायच्या एका फलकाचा मराठी मजकूर करून द्यायचं कबूल केलंय आणि दोन शब्दांवर अडलोय. मूळ मजकूर इंग्रजी आहे. एक शब्द 'काउंटरफिट', दुसरा 'युनिक आयडेंटिफिकेशन कोड'. पहिल्यासाठी नकली, बनावट, खोटं, बोगस, डुप्लिकेट असे पाच उमेदवार उभे आहेत आणि गिऱ्हाईक पाचही एकाच अर्थानं वापरतं. दुसऱ्यासाठी आधारवाल्यांचं 'विशिष्ट ओळख' आहे, शिवाय कुणीतरी 'अद्वितीय संकेतांक' सुचवलंय. अद्वितीय म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शाल आणि नारळ येतो. वाचणारा माणूस तापानं फणफणलेला असणार, एवढं ध्यानात घेऊन सुचवा.

मंगळवार पेठ
'डुप्लिकेट' लिहा आणि मोकळे व्हा. गाडीचा पार्ट घ्यायला जावा, "ओरिजनल पायजे का डुप्लिकेट?" असं दुकानदारच विचारतोय. बनावट हा शब्द पेपरात असतोय, बोलण्यात न्हाई.

दसरा चौक
मेडिकल चालवतो म्हणून सांगतो, डुप्लिकेट अजिबात नको. जनऔषधी दुकानातली स्वस्त गोळी दाखवली की निम्मी गिऱ्हाइकं म्हणतात, "नको, ते डुप्लिकेट असतंय." जेनेरिक म्हणजे डुप्लिकेट ही समजूत आधीच इतकी घट्ट आहे. फलकावर 'डुप्लिकेट औषधांपासून सावध' असं छापलं तर लोक नेमकं चांगलं आणि स्वस्त औषध टाळतील.

जागतिक आरोग्य संघटनेनंही याच कारणासाठी २०१७ मध्ये शब्द बदलले. 'काउंटरफिट'ला ट्रेडमार्कचा वास आहे. तो कंपन्यांच्या भांडणाचा शब्द, रोग्याच्या काळजीचा नाही. त्यामुळे त्यांनी आता मुख्य दोन वर्ग ठेवलेत. एक, माल कंपनीचाच पण दर्जात नापास. दुसरा, ओळख, घटक किंवा उगम याबद्दल जाणूनबुजून खोटं सांगणारा. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहातलं एक औषध या दोनपैकी एका प्रकारचं असतं, असा अंदाज त्यांनी त्याच वर्षी दिला होता. 'नकली औषधांचं प्रमाण दहा टक्के' असं जे सगळीकडे फिरतं ते चूक आहे, कारण त्या दहात नापास मालही धरलेला आहे.

शाहूपुरी
वकिलीत आयुष्य गेलं, म्हणून कायद्याची बाजू मांडतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात या मालाचे वेगवेगळे कप्पे आहेत. कलम १७ लेबलातल्या खोटेपणाचं, १७-अ भेसळीचं आणि १७-ब आपल्या चर्चेतल्या बनावट मालाचं. १७-ब कधी लागतं? दुसऱ्याच औषधाच्या नावावर बनवलं असेल, दुसऱ्याची नक्कल करून माणूस फसेल असं केलं असेल, लेबलावर अस्तित्वातच नसलेल्या कंपनीचं नाव असेल, औषधच बदलून दुसरं भरलं असेल, किंवा ज्या कंपनीचं म्हणून विकलं जातंय तिचं ते नसेलच. म्हणजे जवळपास सगळा रोख 'हे स्वतःला कोण म्हणवतंय' यावर आहे.

याच्या शेजारी 'अप्रमाणित' हा वेगळा प्रकार. कंपनी खरी, परवाना खरा, पण प्रयोगशाळेत गोळी नापास. सामान्य माणूस अप्रमाणित म्हणजे 'सर्टिफिकेट नसलेलं' असं समजतो, ते एक वेगळंच दुखणं. कलम २७ प्रमाणे बनावट औषधाला किमान सात वर्षं कैद आहे, त्यानं कुणाचा जीव जाण्याची किंवा गंभीर इजा होण्याची शक्यता असेल तर किमान दहा वर्षं, जन्मठेपेपर्यंत. अप्रमाणितला एक ते दोन वर्षं. बातमीदार मात्र दोन्हीला 'बनावट' ठोकून देतात आणि आरोपीचा वकील तिथूनच सुरुवात करतो.

भवानी मंडप
'नकली'बद्दल थोडं. मूळ शब्द नक्कल. आपल्याकडे नक्कल हा काही वाईट शब्द नाही. तहसीलला नकलेचा अर्ज केला, फी भरली की शिक्क्यासह अस्सल सरकारी नक्कल हातात पडते. गॅदरिंगला मास्तरांची नक्कल करणाऱ्या पोराला बक्षीस मिळतं. म्हणजे नकलेत मूळ कुठंतरी असतं आणि ते सगळ्यांना माहीत असतं. अस्तित्वातच नसलेल्या कंपनीचं औषध नक्कल कशाची म्हणून? तिथं 'बनावट'च बसतो. हिंदीत बनावट म्हणजे घडण, पोत. तिकडं खोट्याला 'बनावटी' म्हणतात. मराठीनं तो सरळ रचून केलेल्या खोट्यासाठी घेतला. बनावट सही, बनावट दस्त, बनावट नोट. सगळीकडे कुणीतरी बसून, डोकं लावून केलेलं काम आहे.

गुजरी
आमच्या सराफांच्या गल्लीत 'खोटे' हा तर अगदी इमानदार शब्द आहे. खोट्याचा साज, खोटे मोती, पाटी लावून विकतात आणि लग्नात लोक हौसेनं घालतात. खोटं म्हणून विकलं की ते खोटं राहत नाही, असं आमचे वडील म्हणायचे. फसवणूक तेव्हाच, जेव्हा मुलाम्याचा माल सोन्याच्या भावानं जातो.

दुसऱ्या शब्दाबद्दल मात्र आमच्याकडून शिका. हॉलमार्कवर आता सहा अक्षरांचा-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख नंबर असतो. १ एप्रिल २०२३ पासून तो नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानात विकता येत नाही. प्रत्येक दागिन्याला वेगळा. 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये टाकला की कुठल्या केंद्रात तपासला, शुद्धता किती आणि दागिना कुठल्या प्रकारचा ते दिसतं. हा 'प्रकार' फार कामाचा. कुणी खऱ्या अंगठीवरचा नंबर उचलून चेनवर मारला, तर हातात चेन आणि ॲपमध्ये 'अंगठी'! भिंग लावून नंबर वाचायचा, ॲप बघायचं आणि मग दागिना बघायचा. गिऱ्हाईक तिसरी गोष्ट करतच नाही. हिरवं काहीतरी दिसलं की खूश.

राजारामपुरी
वा. म्हणजे 'बनावट' नक्की करतो. आता कोड. 'विशिष्ट' चालेल का?

भवानी मंडप
विशिष्ट म्हणजे ठरावीक, अमुक एक. 'विशिष्ट वेळी या' म्हणतो तेव्हा ती वेळ जगात एकच आहे असं कुठं म्हणायचं असतं? 'एकमेव'मध्ये एकटेपणा आहे, 'अनन्य' भक्तीकडे जातं. मला 'स्वतंत्र' बरा वाटतो. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, प्रत्येक डब्याला स्वतंत्र क्रमांक. शाळकरी पोरालाही कळतं. संकेतांकापेक्षा 'कोड' ठेवा, तो आता मराठीच झालाय.

कागल
'अनुक्रमांक' का नको? सीरियल नंबर म्हणजे अनुक्रमांकच की.

दसरा चौक
तिथंच फसायला होतं. डब्यावरचा सीरियल नंबर क्रमानं असूच नये, हीच तर त्यातली मेख आहे. आज २०१ दिसला म्हणून उद्या चोरानं २०२ छापला तर? युरोपात ९ फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या बहुतेक औषधांना असा नंबर लागतो. तो अंदाजानं बरोबर यायची शक्यता दहा हजारात एकापेक्षाही कमी हवी, असा नियमच आहे. आपल्या क्यूआरपेक्षा बारीक, डेटामॅट्रिक्स नावाचा ठिपक्यांचा चौकोन असतो. त्यात औषधाचा कोड, बॅच, मुदत आणि हा विस्कटलेला नंबर. कंपनी सगळे नंबर मध्यवर्ती नोंदीत टाकते. दुकानदार डबा देताना स्कॅन करतो आणि तो नंबर तिथं बाद होतो. तोच नंबर छापलेला दुसरा डबा कुठंही आला की यंत्रणा बोंब मारते. छपाई कितीही हुबेहूब असू दे, दोन डबे एकच नंबर वापरू शकत नाहीत. म्हणून तिथं 'अनुक्रमांक' म्हणजे उलटा अर्थ.

कागल
पटलं. पण मग बॅच नंबर आणि हा, यांतला फरक फलकावर कसा सांगणार? आमच्याकडं गुऱ्हाळात एका काहिलीतून निघालेला सगळा गूळ म्हणजे एक आदण. त्यातून पाच-सहा रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, निघाल्या तर आदण एकच, रवे वेगवेगळे. बॅच नंबर म्हणजे आदणाचा नंबर, आणि हा रव्याचा.

राजारामपुरी
हे फलकावर नाही घालता येणार, पण मला आत्ता कळलं. बरं, आपल्या देशातल्या डब्यांवर रव्याचा नंबर असतो का?

दसरा चौक
हा प्रश्न विचारलात ते बरं केलंत. १ ऑगस्ट २०२३ पासून औषध नियमांतल्या एच-२ अनुसूचीतल्या, म्हणजे यादीतल्या, ३०० ब्रँडना बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा आहे. डोलो, शेल्कल, अॅलेग्रा असली रोजच्या विक्रीतली नावं त्यात आहेत. त्या कोडमधून आठ गोष्टी कळायला हव्यात : उत्पादनाचा ओळख कोड, औषधाचं मूळ नाव, ब्रँडचं नाव, उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच, बनवल्याची तारीख, मुदत आणि परवाना क्रमांक. प्रत्येक डब्याला वेगळा नंबर, असं या आठांत वेगळं लिहिलेलं नाही. म्हणजे आदणाचा नंबर पक्का, रव्याचा असेल तर असेल. एका खऱ्या डब्याचा क्यूआर फोटो काढून हजार डब्यांवर छापला, तर मोबाईल हजारही वेळा खरीच माहिती दाखवणार. बाद करायची सोय नाही, त्यामुळे कुणी बोंब मारणार नाही.

मग 'स्वतंत्र क्रमांक' असं फलकावर लिहिणं म्हणजे आपणच खोटी हमी देणं.

शाहूपुरी
आणि स्कॅन बरोबर आलं म्हणजे औषध चांगलं, असंही लिहू नका. २०२२ मध्ये गांबियात मुलांच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. ती बाटली दुसऱ्या कुणाचं सोंग घेऊन आली नव्हती. लेबल बरोबर, कंपनी बरोबर आणि आत विष. क्यूआर असता तरी त्यानं सगळं रीतसर दाखवलं असतं. कोड फक्त तोतया पकडतो.

मंगळवार पेठ
तोतया! हाच शब्द घ्या की. भाऊसाहेबांचा तोतया सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दुसऱ्याचं नाव लावून दारात उभा राहिलेला. 'तोतया औषध' म्हटलं की एका झटक्यात कळतंय.

भवानी मंडप
अर्थानं शंभर टक्के बसतो, मगाशी वकीलसाहेबांनी सांगितलेलं १७-ब तर अगदी तोतयाचंच कलम आहे. पण तोतया माणसाला म्हणतात. गोळीला म्हटलं की विनोद होईल आणि फलकाचा धाक जाईल. लेखात वापरा, फलकावर नको.

दसरा चौक
एक व्यवहारातली गोष्ट राहिली. लोक चार गोळ्या मागतात. आम्ही कात्रीनं पट्टी कापतो. कोड, बॅच, मुदत ज्या कोपऱ्यात आहे तो तुकडा बहुतेक वेळा आमच्याकडंच राहतो. गिऱ्हाइकाच्या हातात चार गोळ्या आणि मागं ब्रँडचं अर्धं नाव. ते काय स्कॅन करणार, कपाळ? फलकावर 'छापील बाजूची पट्टी मागा' हे घाला. आमचीच माणसं कुरकुर करतील, करू देत.

राजारामपुरी
सगळ्यांचं ऐकून हे केलंय :

'बनावट औषध ओळखा. डब्यावर किंवा पट्टीवर क्यूआर कोड असेल तर मोबाईलनं स्कॅन करा. कंपनीचं नाव, बॅच आणि मुदत छापील मजकुराशी जुळवून पाहा. सुट्ट्या गोळ्या घेताना छापील बाजूची पट्टी मागा. काही जुळलं नाही तर औषध घेऊ नका, आम्हाला दाखवा. बिल जपून ठेवा.'

'युनिक' कुठंच आलं नाही.

भवानी मंडप
उत्तम. 'मुदत' तेवढा बदला. आमच्या शेजारच्या काकूंना मुदत म्हणजे सोसायटीची ठेव. 'एक्सपायरी' लिहा, बिस्किटाच्या पुड्यावर सुद्धा त्या एक्सपायरीच शोधतात.

शाहूपुरी
आणि 'बिल' पहिल्या ओळीत घ्या. बिल नसेल तर माल कुठल्या दुकानातून आला हे कोर्टात सिद्ध करताना घाम फुटतो.

मंगळवार पेठ
बिल पायजे म्हटलं की जीएसटी लागंल म्हणणारे पण हाईत. त्यांच्यासाठी वेगळा फलक काढा.