ज्येष्ठांना रुग्णालयात सूट हवी की भिंतीवर दरपत्रक?

मुलुंडकर

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात सध्या एक निवेदन सह्यांसाठी फिरतंय. मागणी अशी: साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला खासगी रुग्णालयाच्या बिलावर 20 टक्के आणि व्हीलचेअर, वॉकर, फाउलर बेड (डोक्याकडची बाजू वर होणारा पलंग), ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर अशा साहित्यावर 25 टक्के सूट कायद्यानं मिळावी. मी सही केली नाही. कारण सांगतो.

सूट आजही मिळते. कितीतरी रुग्णालयांच्या काउंटरवर 'ज्येष्ठ नागरिकांना 10 टक्के सवलत' अशी पाटी असते. पण कशावर? बेडभाड्यावर, फार तर रक्तलघवीच्या तपासण्यांवर. औषधं, डिस्पोजेबल, इम्प्लांट (शरीरात बसवायचे कृत्रिम भाग), बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांची फी, यावर नाही. कॅशलेस विमा असला तर बहुतेक ठिकाणी अजिबातच नाही. समजा खुब्याच्या ऑपरेशनचं बिल 2,40,000 झालं आणि त्यात पाच दिवसांचं बेडभाडं 20,000 आहे. तुमची सूट 2,000 रुपये. बिलाच्या एक टक्क्याहून कमी.

त्यात खोलीचा वर्ग. जनरल वॉर्डातून शेअरिंगला आणि तिथून सिंगल रूमला गेलं की अनेक रुग्णालयांत भाड्याबरोबर सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचा चार्ज, डॉक्टरांची रोजची व्हिजिट, सगळंच वरच्या दरानं लागतं. ऑपरेशन तेच, टेबल तेच, टाकेही तेच. विम्यातली खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली तर अनेक पॉलिसींत कंपनी बाकीचे खर्चही त्याच प्रमाणात कापते. दिवसाला 5,000 च्या वर भाडं असलेल्या, आयसीयू सोडून इतर खोल्यांवर जुलै 2022 मध्ये 5 टक्के जीएसटी आला तो वेगळाच. म्हाताऱ्या माणसाला शौचालय जवळ हवं, सोबत कुणीतरी झोपायला हवं, म्हणून मुलं वरची खोली घेतात आणि तिथंच बिलाचा आकडा ठरून जातो.

दर ज्याच्या हातात, त्याला सूट देणं म्हणजे हातचा मळ. 20 टक्के सक्तीची केली तर आधी दर 25 टक्क्यांनी वाढतील. म्हणून माझी मागणी दुसरी आहे. शुश्रूषागृह नोंदणीचे सुधारित नियम 2021 मध्ये आले, त्यात दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. त्याची अंमलबजावणी करा. आणि साहित्याच्या किमतींना सरकारनं वरची मर्यादा घालावी. फेब्रुवारी 2017 मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटच्या किमती बांधल्या, तेव्हा सरासरी सव्वा लाखाच्या घरातला औषधी लेप असलेला स्टेंट 29,600 वर आला. त्यासाठी कुणाला आधार कार्ड दाखवून वय सिद्ध करावं लागलं नाही.

कारखाना निवृत्त

मुलुंडकर, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तो पेन्शनवाल्या माणसाचा आहे. मी साखर कारखान्यात आयुष्य काढलं. ईपीएस-95 ची, म्हणजे भविष्य निधीतल्या कामगारांची, किमान पेन्शन 2014 पासून महिना 1,000 रुपये आहे, माझी त्याहून थोडीच वर. तुम्ही ज्याला 'फक्त 2,000' म्हणता ती माझ्या महिन्याच्या पेन्शनहून जास्त रक्कम आहे.

भिंतीवरचं दरपत्रक वाचून मी काय करू? दर कळला म्हणजे तो परवडला असं होत नाही. तालुक्याला हाडांचे दोनच दवाखाने. दोन्हींचे दर सारखेच निघाले तर मी कुठं जायचं? जे हातात मिळतंय ते सोडून जे कधीतरी येईल त्याची वाट बघा, हे सत्तरीच्या माणसाला सांगू नका. मी सही केली आहे आणि गावात आणखी सह्या गोळा करतोय.

एसटीचं अर्धं तिकीट सुरू झालं तेव्हाही लोक म्हणाले होते की महामंडळ बुडेल. आज 65 च्या पुढं अर्धं तिकीट आहे, 75 च्या पुढं ऑगस्ट 2022 पासून फुकट आहे. म्हातारी माणसं त्यावरच तपासणीला जिल्ह्याच्या गावी जाऊ शकतात.

पंधरा खाटांचा डॉक्टर

एसटीचं उदाहरण निघालं म्हणून लिहितो. एसटीला त्या सवलतीची रक्कम राज्य सरकार देतं. रेल्वेचं आठवा. 60 वरच्या पुरुषांना 40 टक्के आणि 58 वरच्या स्त्रियांना 50 टक्के सूट होती, तिचा भार रेल्वेच्या स्वतःच्या तिकीट उत्पन्नावर होता. मार्च 2020 मध्ये कोविडचं कारण देऊन ती बंद झाली. गाड्या पूर्ववत धावू लागल्या, सूट काही परत आली नाही. सवलतीचे पैसे कोण भरणार हे ठरलेलं नसेल तर ती कुठल्याही दिवशी काढून घेता येते.

आता माझ्याकडे या. माझ्या खाटांवरचे निम्म्याहून जास्त रुग्ण साठीच्या पुढचे आहेत. मोतीबिंदू, प्रोस्टेट, खुबा, पक्षाघात, हृदय, हे सगळे त्याच वयाचे आजार. निम्म्या गिऱ्हाइकांना 20 टक्के सूट म्हणजे ती सवलत उरत नाही, धंद्याचा दरच बदलतो. ते पैसे मी कुठून आणू? बाळंतपणाला आलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलीकडून? तिचा नवरा रोजंदारीवर, आणि तिच्या शेजारच्या खाटेवर दोन फ्लॅटचं भाडं घेणारे निवृत्त अधिकारी. वयावरून सूट म्हणजे ती मुलगी त्या काकांचं बिल भरणार.

सरकारनं भरपाई द्यावी, मी आजच पाटी लावतो.

नाशिकची सून

डॉक्टर, दोन फ्लॅटवाले काका सगळीकडे आणून उभे करू नका. माझ्या सासूबाईंच्या नावावर काहीही नाही. घर सासऱ्यांच्या नावावर होतं, आता दिरांच्या. पेन्शन नाही, बँकेत पुंजी नाही. आयुष्यभर घर सांभाळलेल्या बाईचं उत्पन्न शून्य, तरी दाखला मागितला की कुटुंबाचं उत्पन्न धरतात आणि ती 'अपात्र' ठरते. दर वेळी मुलाकडे हात पसरावा लागतो म्हणून त्या दुखणं अंगावर काढतात. गुडघा सुजला तरी 'वयच झालं' म्हणतात. अशा बाईला तिच्या स्वतःच्या वयावर, कुणाच्या सहीशिवाय मिळणारी एकच गोष्ट म्हणजे ही सूट. रकमेपेक्षा तो हक्क मोठा आहे. बाई म्हणून तरी मला तो मोठा वाटतो.

म्हणून उत्पन्नाच्या अटीला माझा विरोध आहे. अट आली की दाखला आला, दाखला आला की तहसील कार्यालयाच्या चकरा आल्या, आणि त्या चकरा मारणारं माणूस घरात असेल तरच लाभ.

लेखापाल, सातारा

एक मोठी गोष्ट इथं कुणीच काढली नाही. आपल्याच कायद्यात सवलत लिहिलेली आहे आणि ती 20 टक्क्यांहून कितीतरी मोठी आहे. सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम 41 एए आणि 2006 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं घालून दिलेली योजना बघा. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. मर्यादा वार्षिक 1,80,000 आणि 3,60,000 उत्पन्नाची. दुसरी मर्यादा म्हणजे महिना 30,000. छोट्या नोकरीतून निवृत्त झालेली कितीतरी जोडपी तिच्यात बसतात आणि त्यांना ते माहीतच नसतं.

कारखानावाले काका, तुम्ही निवेदन घेऊन फिरता आहात तर त्यात ही एक ओळ घाला: रोज सकाळी किती राखीव खाटा रिकाम्या आहेत ते प्रवेशद्वारावर लिहा. रुग्णालयाचा समाजसेवक कुठल्या खोलीत बसतो तेही लिहा. रुग्ण दाखल होताना हे सांगितलं जात नाही, आणि बिल तयार झाल्यावर विचारलं तर 'आधी का नाही सांगितलं' असं ऐकावं लागतं.

सासूबाईंच्या उत्पन्नाबद्दल ताईंचं म्हणणं मात्र पटतं. साठीपुढच्या माणसाचं स्वतःचंच उत्पन्न धरावं. एवढी एक दुरुस्ती झाली तर हजारो स्त्रिया पात्र होतील.

वऱ्हाडकर

आणि 70 च्या पुढच्यांना केंद्राची आयुष्मान भारत योजना आहे ना? ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांचं संरक्षण. मग सूट कशाला मागायची?

कारखाना निवृत्त

कार्ड काढलंय. 60 ते 70 चं काय करायचं ते सांगा. माझी बायको 66 ची आहे. आणि ते कार्ड यादीतल्याच रुग्णालयात चालतं. आमच्याकडून असं सगळ्यात जवळचं रुग्णालय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. शिवाय कार्ड दाखल झाल्यावरच कामाला येतं. घरी आणल्यावर लागणारा पलंग, डायपर, कमोड खुर्ची, रोजची आया, याला कुठलं कार्ड?

सर्जिकल दुकानदार

घरी आणल्यावरच्या साहित्याबद्दल मी लिहू शकतो, माझं दुकानच त्याचं आहे. 25 टक्के सूट कायद्यानं करा, मी हसत देईन, कारण छापील किमतीत आज त्याहून जास्त जागा आहे. हे ऐकून माझेच भाऊबंद चिडतील. केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं 2021 मध्ये बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर, पल्स ऑक्सिमीटर आणि डिजिटल थर्मामीटर यांचे आकडे तपासले. वितरकाला पडणारी किंमत आणि छापील किंमत यात काही ठिकाणी 709 टक्क्यांपर्यंत अंतर निघालं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमध्ये ते 198 टक्क्यांपर्यंत होतं. मग या अंतरावर 70 टक्क्यांची मर्यादा घातली आणि किमती खाली आल्या.

ज्याला भाव माहीत आहे तो माझ्याकडून घासाघीस करून 40 टक्के कमी करून घेतो. ज्याच्या आईला आज संध्याकाळी डिस्चार्ज आहे तो छापील किंमत देऊन जातो. ज्येष्ठ नागरिक स्वतः दुकानात येतच नाही, तो पलंगावर असतो. येतो त्याचा घाबरलेला मुलगा. कार्ड मागायचं कुणाचं?

म्हणून साहित्याच्या बाबतीत मी मुलुंडकरांच्या बाजूचा. छापील किंमतच खाली आणा. फाउलर बेड, एअर बेड, सक्शन मशीन, श्वासाला मदत करणारं बायपॅप यांनाही तशीच मर्यादा लावा.

एक अजून सांगतो, माझ्या विक्रीच्या विरुद्ध असलं तरी. दोन-तीन महिन्यांसाठी पलंग विकत घेऊ नका. महाराष्ट्रात अनेक गावांत सेवाभावी संस्थांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत. अनामत ठेवायची, नाममात्र भाडं द्यायचं, काम झालं की धुऊन परत करायचं. माझ्याकडून घेतलेले कितीतरी पलंग पुढं तिथंच दान म्हणून पोचतात.

वॉकरधारी

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वरच्यांना साहित्यासाठी एकदाच 3,000 रुपये मिळतात. त्यात चष्मा, काठी, कमरेचा पट्टा बसतो. दोन्ही कानांची चांगली यंत्रं बसत नाहीत. रक्कम वाढवा, हा मुद्दा निवेदनात का नाही?

सध्या मनिलात

मी इथं फिलिपिन्समध्ये नोकरीनिमित्त आहे आणि इथं नेमका तुमच्या निवेदनातलाच कायदा आहे. साठीपुढच्या नागरिकांना औषधं, डॉक्टरांची फी, तपासण्या यांवर 20 टक्के सूट, वर मूल्यवर्धित करही माफ. 2010 च्या कायद्यानं ती आणखी पक्की केली. दुकान किंवा रुग्णालय दिलेल्या सवलतीची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करतं, म्हणजे नुकसानाचा काही भाग सरकार उचलतं. उरलेला भाग व्यावसायिकाकडेच राहतो आणि त्यावर त्यांची तक्रार असतेच.

पण इथली एक गोष्ट मला भावते. औषधाच्या दुकानात आजीबाई ताठ मानेनं ओळखपत्र पुढं करतात. कुणी त्यांच्याकडे उपकार केल्यासारखं बघत नाही. मुलुंडकरांच्या दरपत्रकात हे येत नाही.

पंधरा खाटांचा डॉक्टर

करातून वजावट चालेल. मला हे माहीत नव्हतं. पण बेडभाड्यावर द्यायची की पूर्ण बिलावर, हे कायद्यात स्पष्ट लिहा. इम्प्लांट मी खरेदी करतो, त्यावर 20 टक्के सोडले तर पदरचे जातील.

मुलुंडकर

मनिलाचं वाचून विचारात पडलो, पण माझं मत कायम आहे. कायद्यानं दिलेली टक्केवारी ज्या दरावर मोजायची तो दर आधी बांधलेला हवा. स्टेंटच्या किमती उतरल्यावर अँजिओप्लास्टीची एकूण पॅकेजं त्या प्रमाणात उतरली नाहीत अशी तक्रार तेव्हा झालीच होती. एक बाजू दाबली की दुसरी फुगते, म्हणून पूर्ण बिल उघडं हवं.

नाशिकच्या ताईंना उत्तर देणं मला अवघड जातंय. नावावर काहीच नसलेल्या बाईला दरपत्रकानं काही मिळत नाही, हे खरं आहे. लेखापालांची दुरुस्ती, म्हणजे साठीपुढच्या व्यक्तीचं स्वतःचं उत्पन्न धरणं, हीच मला तिच्यासाठी 20 टक्क्यांपेक्षा मोठी वाटते, कारण त्यात खाट मोफत मिळते. निवेदनात पहिली मागणी ही असेल, दुसरी दरपत्रकाची आणि तिसरी छापील किमतींची, तर मी सही करतो आणि मुलुंडच्या सह्याही आणतो.

कारखाना निवृत्त

तुमच्या तिन्ही मागण्या घालतो. पण 20 टक्क्यांची ओळ खोडणार नाही. ती चौथी राहील. रविवारी बैठकीला या, तिथं भांडू.

नाशिकची सून

आणि साठीपुढच्या बायकांच्या सह्या वेगळ्या कागदावर घ्या, घरातल्या पुरुषाच्या सहीखाली नको. आमच्या गल्लीतल्या मी आणते.