मदत हवी आहे: लेझर रायफल आल्यापासून विझर्ड (जादूगार) रिकामा बसतोय

वेताळटेकडी:
डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर पात्रं खेळवायचा खेळ) मोहिमेत डीएम म्हणून गोष्ट चालवणं माझ्याकडे आहे. मी डोंगरात कोसळलेलं अवकाशयान आणलं. त्यात फायटरला (लढवय्या पात्राला) लेझर रायफल मिळाली आणि तेव्हापासून घडी विस्कटलीय. तो दोन फेऱ्यांत लढाई संपवतो, विझर्ड नुसता बघत बसतो. मागच्या खेळात जादू बंद पडणारी खोली होती. तिथे विझर्डचं सगळं ठप्प, रायफल मात्र चालू. विझर्डचा खेळाडू असंच चाललं तर येणार नाही म्हणतोय. शनिवारी खेळ आहे. रायफल काढून न घेता कसं सावरू? लवकर सांगा.

वीसफाशी:
आवृत्ती कुठली? पातळी किती? रायफलचे आकडे पुस्तकातले की तुमचे? एनर्जी सेल (रायफलच्या बॅटऱ्या) किती दिलेत?

निऑनगल्ली:
शॅडोरन बघा, जादू आणि यंत्रं दोन्ही असलेला खेळ. १९८९ पासून त्यांनी हे सोडवून ठेवलंय. पात्राचा एसेन्स (माणूसपणाचा आकडा) ६ पासून सुरू होतो, अंगात यंत्रं बसवली की घटतो, आणि त्याबरोबर मॅजिकही (जादूची ताकद) घटतं. यंत्र हवं तर जादू सोडायची. आमच्या गटात यावरून कधी भांडण झालं नाही.

सांजवात:
पण इथे रायफल हातात आहे, अंगात नाही. आणि ती फायटरकडे आहे. त्याच्याकडे जादूच नाही, मग तो गमावणार काय? या नियमाने उलट विझर्डचाच रस्ता बंद होईल.

निऑनगल्ली:
नियम जसाच्या तसा उचला असं म्हटलंच नाही मी. ताकदीची किंमत मोजावी लागली पाहिजे, एवढाच मुद्दा.

डी८प्रेमी:
फासे घेणार असाल तर धातूचे घेताना ट्रेही घ्या, टेबलावर ओरखडे पडतात. लेझरसाठी तीन डी८ (आठ बाजूंचे फासे) वेगळ्या रंगाचे ठेवले की मोजणी पटकन होते.

वेताळटेकडी:
पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं. सगळे पाचव्या पातळीवर. रायफल डीएम गाइडमधली, इजा ३डी८, म्हणजे तीन डी८ची बेरीज. सेलचं काही ठरवलं नव्हतं, चालूच आहे ती.

वीसफाशी:
मग दुखणं तिथेच आहे. पुस्तकात या रायफलला एका सेलवर ३० फैरी आहेत. फायटरला आता दोन हल्ले, म्हणजे १५ फेऱ्यांत सेल संपायला हवा. दोन्ही लागले तर सरासरी २७, वर डेक्स्टेरिटीची (चपळाईची) भर. विझर्डच्या फायर बोल्ट मंत्राची इजा २डी१०, सरासरी ११. फायरबॉल मंत्र सरासरी २८, तोही अख्ख्या घोळक्यावर, पण तिसऱ्या पातळीचे स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) दोनच. त्याचे स्लॉट मोजता, तर सेलही मोजा. रायफलची प्रोफिशियन्सी (ती चालवायचं कौशल्य) दिलीत का?

वेताळटेकडी:
हो, फायटर आहे म्हणून दिली.

वीसफाशी:
ती आपोआप मिळत नाही. पुस्तक ते डीएमवर सोपवतं आणि बहुतेक जगांतल्या पात्रांना ती नसते असंही सांगतं. नेमाच्या फाशावर मिळणारे ते +३ काढा. हवी असेल तर मधल्या सवडीत शिकू दे.

आगगाडी:
मुळात यान आणायलाच नको होतं. एबेरॉन या डी अँड डीच्याच जगात (२००४) जादू हेच तंत्रज्ञान आहे. लाइटनिंग रेल ही आगगाडी बांधून ठेवलेल्या एलिमेंटलच्या (मूलतत्त्वाच्या जिवाच्या) जोरावर धावते. तिथे विझर्ड कधीच मागे पडत नाही.

सांजवात:
आता आलंय ना यान. आणि डी अँड डीला ते नवं नाही. १९८० च्या 'एक्सपिडिशन टु द बॅरियर पीक्स' या साहसपुस्तकात डोंगरातलं यानच आहे, रंगीत कार्डांनी दारं उघडतात.
वेताळटेकडी, परकी यंत्रं समजून घ्यायचे नियम रायफलीजवळच छापलेत. इंटेलिजन्सची चाचणी. सोप्या वस्तूला दोन यशं, अवघड वस्तूला चार. बेरीज १५ किंवा जास्त आली तर यश, ९ किंवा कमी आलं तर एक फैर वाया. तुमच्या गटात इंटेलिजन्स कुणाची जास्त? विझर्डची. म्हणजे यानातली प्रत्येक नवी वस्तू आधी त्याच्या हातात जायला हवी. सेल कुठे ठेवलेत हे सांगणाऱ्या पाट्या परक्या भाषेत ठेवा आणि त्या त्यालाच वाचू द्या. फायटरची बंदूक विझर्डच्या डोक्यावर चालली की दोघे एकमेकांना धरून राहतील.

बार्बेरियन_हवाय:
पुण्यात खेळता का? शनिवारी एक जागा असेल तर मी येऊ शकतो.

निऑनगल्ली:
सांजवात, हे पटलं. किंमत त्यात आपोआप येते.

वेताळटेकडी:
जागा नाही, क्षमस्व. सांजवात, पाट्यांचं उत्तम. पण त्याच्याकडे कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस (परक्या भाषा समजायचा मंत्र) नाही.

सांजवात:
यानात आधी मरून पडलेल्या कुणा विझर्डच्या थैलीत त्या मंत्राचा स्क्रोल (गुंडाळी) ठेवा. तुमचा विझर्ड तो आपल्या वहीत उतरवून घेईल. पुढे विधी म्हणून केला की दहा मिनिटं जास्त लागतात, स्लॉट जात नाही.

वीसफाशी:
आणि स्क्रोल जादू बंद असलेल्या खोलीच्या बाहेर ठेवा, आत मंत्र चालणार नाही.