पुडा उलटा करून पाहा : लेबल वाचणाऱ्यांचा अनुभव धागा

धागाकर्ती, गोकुळपेठ, नागपूर

महिन्याचा किराणा भरताना पुड्याच्या मागे नेमकं काय पाहायचं, ते इथे लिहू या. अट एकच. "आमच्या घरी एकदा काय झालं" हे नको. वस्तू कोणती, शब्द कोणता, आकडा किती आणि का, एवढं लिहा.

पाया मी घालते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक आहे, म्हणून पहिले तीन शब्द म्हणजे जवळजवळ अख्खा पुडा. समोर नाचणीचं कणीस आणि मागे यादी 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' ने सुरू होत असेल, तर ते मैद्याचं बिस्किट आहे. ज्या पदार्थाचं नाव किंवा चित्र पुढे मिरवलंय त्याची टक्केवारी यादीत द्यावी लागते. ती शोधा. नाचणीपुढे ४ टक्के दिसले की १०० ग्रॅममध्ये ४ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचा पीठ.

या क्रमाला एक पळवाट आहे. साखर, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज अशी गोडी चार नावांत वाटली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि पहिला नंबर पिठाला मिळतो. म्हणून यादीसोबत पोषण तक्त्यातली 'अॅडेड शुगर' ही ओळ पाहायचीच. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) मात्र त्या ओळीत सापडत नाही, ते 'कार्बोहायड्रेट' मध्ये जातं. रक्तातली साखर वाढवायला ते साखरेहून मागे नाही.

किराणा दुकान, इतवारी

तेलाचं सांगतो. पाऊचवर सूर्यफूल एवढं मोठं राहते की बाकी काही दिसतच नाही राजेहो. बारीक अक्षरात 'मल्टी सोर्स एडिबल ऑइल' किंवा जुन्या भाषेत 'ब्लेंडेड' लिहिलं असेल तर ते दोन तेलांचं मिश्रण. कोणतं तेल किती टक्के, हे लिहावंच लागते. मिश्रणातलं कोणतंही तेल २० टक्क्यांच्या खाली चालत नाही. म्हणजे ८० टक्के सोयाबीन आणि २० टक्के सूर्यफूल हे नियमात बसते, चित्र मात्र सूर्यफुलाचं. मोहरीच्या तेलात दुसरं तेल मिसळायला ८ जून २०२१ पासून बंदी आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. १ लिटर तेल म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. त्याच उंचीचे ८००, ८४०, ८७० ग्रॅमचे पाऊच बाजूलाच लटकलेले राहतात. एमआरपीजवळ 'युनिट सेल प्राइस' छापतात, म्हणजे एका ग्रॅमचा किंवा मिलीचा भाव. तुलना त्याची करा, पाऊचची नाही. एक पाऊच ग्रॅममध्ये आणि दुसरा मिलीमध्ये असेल तर मिलीच्या भावाला ०.९१ ने भागा, ग्रॅमचा भाव मिळते.

जवसाचं तेल आपल्याकडे खूप जण मागतात. हे हवेनं आणि उजेडानं लवकर खवट होते. पॅकिंगची तारीख ताजी, बाटली गडद आणि लहान घ्या. तळायला वापरू नका.

आणि दिव्याचं तेल, पूजेचं तूप. त्यावर चौकोनात काळी फुली राहते, म्हणजे खायचं नाही. खायच्या तुपाच्याच फळीवर ठेवलेलं दिसते. भाव निम्मा दिसला की आधी फुली पाहा.

आहारतज्ज्ञ, धंतोली

तक्ता वाचायचे आकडे पाठ करून टाका. लेबलवरचं '% आरडीए' ज्यावर काढलेलं असतं ते दिवसाचे आकडे असे : ऊर्जा २००० किलोकॅलरी, एकूण फॅट ६७ ग्रॅम, सॅच्युरेटेड २२ ग्रॅम, ट्रान्स फॅट २ ग्रॅम, अॅडेड शुगर ५० ग्रॅम, सोडियम २००० मिलिग्रॅम. हे मोठ्या माणसाचे आहेत. सहा वर्षांच्या मुलाला हीच टक्केवारी लावली तर हिशेब चुकतो, कारण त्याची मर्यादा याहून बरीच कमी.

सोडियमला २.५ ने गुणलं की मीठ मिळतं. चिवड्याच्या १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, दिवसाच्या ५ ग्रॅममधलं. टक्केवारी मात्र 'सर्व्हिंग' वर दिलेली असते, आणि सर्व्हिंग २० किंवा ३० ग्रॅम धरतात. ३० ग्रॅम चिवडा म्हणजे लहान मूठभर. तर्री पोह्यावर घातलेला शेवही त्याहून जास्त भरतो. म्हणून टक्केवारीचा रकाना सोडा, '१०० ग्रॅममध्ये' हा रकाना वाचा.

'ट्रान्स फॅट फ्री' म्हणजे पूर्ण शून्य नव्हे, १०० ग्रॅममध्ये ०.२ ग्रॅमपर्यंत चालतं. 'शुगर फ्री' ची मर्यादा ०.५ ग्रॅम. त्या बिस्किटात मैदा पहिला आणि माल्टिटॉल (गोडीसाठीचा पदार्थ, लेबलवर क्रमांक ९६५) दुसरा असेल, तर मधुमेहींना मैद्याचा हिशेब टळत नाही, शिवाय माल्टिटॉलनं पोट ढिलं होतं. 'कोलेस्ट्रॉल फ्री तेल' हे वाक्य तर निव्वळ जागा भरायला आहे. वनस्पतीच्या तेलात ते नसतंच.

फार्मासिस्ट, मेडिकल चौक

नागपूरचा मे महिना डोळ्यापुढे ठेवून लिहितो. जुलाबात किंवा ऊन लागल्यावर द्यायचं ओआरएस आणि 'इलेक्ट्रोलाइट ड्रिंक' या दोन वेगळ्या वस्तू आहेत. खऱ्या पुडीवर 'ओरल रीहायड्रेशन सॉल्ट्स आय.पी.' (आय.पी. म्हणजे भारतीय औषधसंहितेप्रमाणे) लिहिलेलं असतं आणि औषधाचा उत्पादन परवाना क्रमांक असतो. १ लिटर पाण्यासाठीची पुडी २०.५ ग्रॅमची : ग्लुकोज १३.५, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. म्हणजे १०० मिलीमध्ये साखर १.३५ ग्रॅम.

आता टेट्रापॅक उलटा करा. १०० मिलीमध्ये साखर ८ ते १० ग्रॅम दिसली तर ते सरबत आहे. इतकी साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या देशाच्या अन्न नियामक संस्थेने पदार्थाच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली ती याचमुळे. पुडी अर्धी करून अर्ध्या लिटरमध्ये घालू नका, पावडर एकसारखी वाटली जात नाही. पूर्ण पुडी, पूर्ण लिटर, २४ तासांत संपवा, उरलं तर फेका.

फळप्रक्रिया, काटोल रोड

संत्र्याचं कुणी लिहिलं नाही अजून, तेही नागपुरात!

नावावरून रसाचं प्रमाण ठरतं. 'स्क्वॅश' मध्ये किमान २५ टक्के रस. 'फ्रूट ड्रिंक' मध्ये १० टक्के पुरे (लिंबाला ५). 'सिंथेटिक सिरप' ला फळाची गरजच नाही. 'ऑरेंज फ्लेवर्ड' म्हणजे वास संत्र्याचा, संत्रं नाही. जॅममध्ये साधारण ४५ टक्के फळ लागतं. सांद्र रसात पाणी घालून केलेल्या ज्यूसवर '१०० टक्के फळांचा रस' लिहायला जून २०२४ पासून मनाई आहे. यादीत 'वॉटर, ऑरेंज कॉन्सन्ट्रेट' दिसलं की तो हाच प्रकार. तो वाईट नसतो, फक्त ताज्या रसाचा भाव देऊ नका.

संत्रा बर्फीच्या डब्यावर तीन गोष्टी पाहा. एक, संत्र्याचा गर किती टक्के. दुसरं, 'अॅश गोर्ड' किंवा 'पेठा', म्हणजे कोहळा. कोहळ्याला स्वतःची चव नाही, म्हणून तो कोणताही स्वाद ओढून घेतो. कोहळा गराच्या आधी असेल तर ती संत्र्याच्या वासाची कोहळ्याची बर्फी. तिसरं, ११० आणि १०२ हे रंग. गर भरपूर असलेली बर्फी फिकट पिवळसर असते, झेंडूसारखा केशरी रंग फळातून येत नाही.

स्क्वॅशमध्ये २२४ हा क्रमांक म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. दम्याच्या रुग्णाला यानं धाप लागू शकते, म्हणून सल्फाइट १० मिलिग्रॅम प्रतिकिलो किंवा जास्त असेल तर अॅलर्जीच्या ओळीत सांगावं लागतं.

एक वाचक, प्रतापनगर

क्रमांकांचं काय? ६२१ म्हणजे विष, असं सगळीकडे फिरतं.

आहारतज्ज्ञ, धंतोली

६२१ म्हणजे एमएसजी, चव वाढवणारा अजिनोमोटो. टोमॅटोतही ग्लुटामेट नैसर्गिक असतं. धास्ती नको, पण अर्थ समजून घ्या : ६२१, ६२७, ६३१, ६३५ यांपैकी दोन-तीन एकत्र दिसले की पदार्थाची स्वतःची चव कमी आणि सोडियम जास्त, असा अंदाज बांधा. बारा महिन्यांखालच्या बाळाला एमएसजी असलेलं देऊ नये, तशी सूचना लेबलवरच असते. ९५१ (अॅस्पार्टेम) असेल तर 'मुलांसाठी नाही' हीही. ३३० म्हणजे निंबूसत, ५०० म्हणजे खायचा सोडा, ३२२ म्हणजे लेसिथिन. यांना घाबरून पुडा ठेवून देण्यात अर्थ नाही.

एक जैन स्वयंपाकघर, इतवारी

१२० (कारमाइन हा लाल रंग) किड्यापासून येतो. ४७१ आणि ६३१ वनस्पतीपासूनही बनतात आणि प्राण्यांपासूनही, क्रमांकावरून कळत नाही. तिथे हिरवा ठिपका हाच आधार. मांसाहारी खूण आता तपकिरी चौकोनातला त्रिकोण आहे, गोल नाही. विदेशी चॉकलेटवर चिकटवलेलं लेबल असतं, खूण त्यावर शोधा. कांदा-लसूण 'स्पाइसेस अँड काँडिमेंट्स' या शब्दात लपतो, म्हणून तो शब्द उघडून लिहिला नसेल तर घेऊ नका.

ग्लुटेन टाळणाऱ्यांसाठी, मनीषनगर

घरातला सगळ्यात फसवा डबा हिंगाचा. बाजारातला हिंग 'कंपाउंडेड', म्हणजे बांधानी असतो : डिंक, पीठ आणि थोडा हिंग. पीठ कशाचं ते पाहा. गव्हाचं असेल तर सीलिअॅक (ग्लुटेन न सोसण्याचा आजार) असलेल्याला वरणाची फोडणीच बाधते. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, तो मागा. सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो. 'कंटेन्स' म्हणजे पदार्थात आहे, 'मे कंटेन' म्हणजे गव्हाचे पदार्थ बनतात त्याच मशिनवर बनतं. सीलिअॅकला दोन्ही बंद. 'ग्लुटेन फ्री' छापलं तर ते प्रतिकिलो २० मिलिग्रॅमच्या आत हवं.

मसाला गिरणी, कळमना

तिखटाच्या पुड्यात २ टक्क्यांपर्यंत खाद्यतेल चालते, पण तेल कोणतं आणि किती ते लिहायला हवं. तेलानं रंग उजळ दिसते. लाल रंगासाठी वेगळा रंग चालत नाही. भिवापुरी म्हणून विकलेलं असेल तर ते नाव घटकयादीत मिरचीच्या पुढे आहे का, की नुसतं समोरच्या चित्रात, ते पाहा.

सावजी मसाला तयार घेता, तेव्हा मीठ कितव्या नंबरवर आहे? पहिल्या तिनात असेल तर मसाल्याच्या भावात मीठ घेतलं, आणि रस्सा खारट झाला की मग डोक्याला हात.

सांबारवडीच्या (कोथिंबिरीच्या वडीच्या) बेसनावर 'बेंगाल ग्राम' एवढंच हवं. 'यलो पी' दिसलं तर ते बेसन नाही, वाटाण्याचं पीठ आहे. सुट्या बेसनाला लेबलच नाही. तिथे लाखोळी (खेसरी डाळ) मिसळलेली डोळ्यांनी कळत नाही. अख्ख्या डाळीत कळते, तिचा दाणा एका बाजूनं कुऱ्हाडीच्या पात्यासारखा तिरका राहते.

दूध केंद्र, सक्करदरा

टोन्ड : फॅट ३ टक्के, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) ८.५ टक्के. डबल टोन्ड : १.५ आणि ९. स्टँडर्डाइज्ड : ४.५ आणि ८.५. फुल क्रीम : ६ आणि ९. पिशवीचा रंग प्रत्येक डेअरीचा वेगळा, रंगावर जाऊ नका. पनीर स्वस्त वाटलं तर 'अॅनालॉग', म्हणजे पनीरसारखं दिसणारं पण पनीर नसलेलं, हा शब्द शोधा. 'फ्रोझन डेझर्ट' आइस्क्रीम नाही, त्यात वनस्पती फॅट असते. आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाचं फॅट लागते, त्याहून कमी असेल तर नावातच 'मीडियम फॅट' किंवा 'लो फॅट' येते.

अन्नप्रक्रिया शिकवणारे, अमरावती रोड

एफएसएसएआयचा परवाना क्रमांक १४ आकडी. १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने सुरू झाला तर लहान उत्पादकाची नोंदणी, म्हणून बचत गटाच्या पापडावर २ दिसला तर बिचकू नका. चौथा-पाचवा आकडा वर्षाचा असतो. 'फूड सेफ्टी कनेक्ट' अॅपमध्ये क्रमांक टाकला की नाव-पत्ता येतो. तो पुड्यावरच्या 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' शी जुळवा, 'मार्केटेड बाय' शी नाही.

'यूज बाय' उलटला की वस्तू टाकायची. 'बेस्ट बिफोर' उलटला तर कमी होतो तो स्वाद आणि कुरकुरीतपणा, पण तारखेचा भरवसा पुडा सांगितल्यासारखा ठेवला असेल तरच. उन्हात तापलेल्या टेम्पोतून आलेल्या चॉकलेटवर पांढरी साय धरलेली असते, तारीख कितीही पुढची असो.

किराणा दुकान, इतवारी

पाच रुपयांच्या पुडीवर घटक सापडत नाहीत म्हणून गिऱ्हाईक भांडते. १०० चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या पाकिटाला घटक आणि पोषण तक्ता छापण्यातून सूट आहे, पण ज्या मोठ्या पॅकमध्ये त्या पुड्या येतात त्यावर सगळं छापावं लागते. ते पॅक दुकानातच पडलेलं राहते. मागा, दाखवतो.